रक्त कधी घेतलं, तेही लिही

अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. रक्तविकार आणि लहान मुलांच्या त्वचेचे संसर्ग हे दोन विषय एकत्र घेतलेस म्हणून काहींनी नाकं मुरडली, असं लिहिलंस. मुरडू देत. पण तुझ्या आराखड्यात जनुकांवर पानंच्या पानं आहेत आणि रक्त केव्हा घ्यायचं यावर जेमतेम एक ओळ. मला बोलायचंय ते त्या ओळीबद्दल.

पावसाळ्यात सत्तरी, काणकोण या तालुक्यांतून गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, येणाऱ्या मुलांच्या अंगावर फोड-खपल्या दिसल्या, तर त्यातलं बहुतेक साधंच असतं. स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस हे नेहमीचे जंतू, नाहीतर खरूज खाजवून चिघळलेली जखम. खरजेला घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध लागतं, आणि ते आईला नीट समजावणं हे तुझ्या कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त उपयोगाचं. तिथे रक्तविकार शोधत बसू नकोस.

पण एखाद्या मुलाला पुन्हा पुन्हा गळवं होतात, बरोबर तोंड येतं, हिरड्या सुजतात, ताप भरतो आणि काही दिवसांत मूल परत अंगणात खेळायला लागतं. अशा वेळी आईकडून तारखा काढून घे. दुखणं साधारण २१ दिवसांनी परतत असेल तर चक्रीय न्यूट्रोपेनियाचा विचार कर. यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तीन ते सहा दिवस तळाला जातात आणि पुन्हा वर येतात. मूल दवाखान्यात पोचेपर्यंत ते चढलेले असले, की सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नॉर्मल आणि सगळे निर्धास्त. म्हणून निदान हवं असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा, किमान सहा आठवडे मोजावं लागतं. आणि हे सहा आठवडे गणेशचवथीच्या आसपास धरू नकोस. त्या दिवसांत गणपतीवर फळं-पानांची माटोळी बांधायची सोडून रक्त द्यायला कोण येणार?

न्यूट्रोफिल भरपूर आणि तरीही गळवं थांबत नाहीत, असंही असतं. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात विकारात पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. पूर्वी एनबीटी या रंगाच्या चाचणीत पेशी निरोगी पेशींसारख्या निळ्या होतात का ते पाहायचे, आता एकेक पेशी यंत्रावर तपासणारी फ्लो सायटोमेट्री आहे. त्याआधी एक फुकटचा प्रश्न विचार: जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीची, म्हणजे क्षयाच्या जिवंत जंतूंच्या लसीची, जागा फार दिवस वाहत होती का?

जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता तुझ्या यादीत आहे, ते बरं केलंस. तिथे वेळेची चूक सगळ्यात महाग पडते. मलेरियाचं प्रायमाक्विन किंवा कुष्ठरोगाचं डॅप्सोन घेतल्यावर अशा माणसाच्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्याकडे आणखी एक कारण घरातच असतं: पावसाच्या ओलीला म्हणून कपाटात टाकलेल्या डांबराच्या गोळ्या, आणि त्याच कपाटातल्या दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. मूल पिवळं पडतं, लघवी काळपट होते. नेमकी तेव्हाच आपण चाचणी करतो. पण जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात, उरतात त्या कोवळ्या, आणि त्यांच्यात एन्झाइम पुरेसं असतं. अहवाल म्हणतो नॉर्मल. तीन महिन्यांनी परत तपास. आणि काणकोणहून नमुना आणताना तो गाडीत तापू देऊ नकोस, बर्फाच्या डब्यात आण.

थॅलेसीमियाचंही थोडं तसंच. मुलाला लोहाची कमतरता असेल तर, ज्याच्या वाढीवरून वाहक ओळखायचा, ते ए२ हिमोग्लोबिन खाली येतं आणि वाहक हातातून निसटतो. आधी लोह भर, मग सीमारेषेवरचे अहवाल पुन्हा तपास.

स्ट्रेप्टोकॉकसचे फोड बरे झाले की फाइल बंद करतेस, ती करू नकोस. मूत्रपिंडाची सूज त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते. तोवर कातडी स्वच्छ असते आणि सुजलेल्या डोळ्यांचा त्या फोडांशी संबंध कुणी लावत नाही. म्हणून तेव्हा परत बोलाव. त्या भेटीत लघवी तपासायची आणि रक्तदाब मोजायचा.

तेव्हा फॉर्म बदल. प्रत्येक आकड्याशेजारी तीन रकाने घाल: दुखणं कधी सुरू झालं, शेवटचं औषध कोणतं आणि कधी, रक्त किती वाजता घेतलं. संमतिपत्र कोंकणीत वाचून दाखवणारी एक बाई सोबत घे. गावातल्या अंगणवाडीच्या ताईंशी आधी बोलून ठेव, घरं त्यांनाच ठाऊक असतात.

आकडेवारीचं प्रकरण मी अजून वाचलेलं नाही. सुधारलेला फॉर्म पाठवलास की दोन्ही एकदमच बघतो.

कळावे.