पोहता येत नाही, पण धावता आणि सायकल चालवता येते. ४५ व्या वर्षी ड्युएथलॉन जमेल का? पहिला अनुभव कसा असतो?

जमेल, नक्की जमेल. तुम्ही लिहिलंय की रोज ५ किलोमीटर धावता, रविवारी सायकल काढता, पण पाण्याची भीती म्हणून ट्रायथलॉनचा (पोहणं, सायकल आणि धावणं) नाद सोडलात. माझंही अगदी हेच होतं. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते, घरी ट्यूशन घेते, वय ४६. आतापर्यंत दोन ड्युएथलॉन केल्यात, दोन्ही स्प्रिंट म्हणजे कमी अंतराच्या, एक फार वाईट गेली आणि एक चांगली. वाईट गेली तिच्याबद्दलच जास्त लिहिते, कारण तुमच्या उपयोगाचं सगळं तिच्यात आहे.

ड्युएथलॉन म्हणजे आधी धावायचं, मग सायकल, मग परत धावायचं. स्प्रिंटमधे साधारण ५, २० आणि २.५ किलोमीटर, स्टॅंडर्डमधे १०, ४० आणि ५. घड्याळ मधे कुठेच थांबत नाही, हेल्मेट घालायला लागलेला वेळपण तुमच्याच टायमिंगमधे धरतात.

आता लोकांना वाटतं पोहणं नाही म्हणजे सोपं. मलाही वाटलं होतं. पण ट्रायथलॉनमधे पोहताना जास्त काम हात आणि खांदे करतात, त्यामुळे सायकलवर बसता तेव्हा पाय बऱ्यापैकी ताजे असतात. इथे पहिल्या मिनिटापासून पायच कामाला लागतात आणि शेवटी दमलेल्या त्याच पायांना परत पळवायचं असतं, म्हणून ड्युएथलॉन म्हणजे खरं तर ते दुसरं धावणं, बाकी सगळी त्याची तयारी असं मला आता ठामपणे वाटतं.

माझी पहिली जानेवारीत होती, सकाळी साडेसहाला. बडोद्याच्या मानाने चांगलीच थंडी. रोज कामाठीबागेत मी सहा-साडेसहा मिनिटाला एक किलोमीटर अशी धावते, पण त्या दिवशी शिट्टी वाजली आणि सगळे सुटले तशी मीपण सुटले, आजूबाजूला तरुण पोरंपोरी, अंगात उत्साह, घड्याळ बघितलं तर पहिला किलोमीटर ५ मिनिटं २० सेकंदात! मला इतका आनंद झाला की वेग कमी करायचं सुचलंच नाही. पुढे मंदावले तरी ५ किलोमीटर ३० मिनिटांत संपवले, तोपर्यंत एवढ्या वेगाने मी कधीच धावले नव्हते.

मग ट्रांझिशन. म्हणजे रॅकवर सायकली लटकवलेल्या असतात, तिथे पळत जायचं, आपली सायकल घ्यायची आणि बाहेर पडायचं. मी घाईत हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि सायकल ओढली. लगेच शिट्टी. नियम असा आहे की हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर सायकल रॅकवर ठेवल्याशिवाय पट्टा काढायचा नाही. मला हे माहीत होतं, आदल्या दिवशी सांगितलंही होतं. पण तिथे बोटं गार, घामाने ओली, क्लिप खाचेत बसेच ना, तीनदा निसटली. शेजारची मुलगी आली, कट्ट केलं, सायकल घेतली आणि गेली सुद्धा, मी अजून क्लिपशीच झटतेय. साडेतीन मिनिटं गेली माझी तिथे.

सायकल मुलाची, साधी हायब्रिड. तुम्ही विचारलंय की रेसिंगची सायकल लागेल का, तर पहिल्यांदा अजिबात नको, ब्रेक आणि चेन नीट बघून घ्या, टायरमधे हवा आदल्या रात्री भरा, बास. माझी चूक वेगळीच झाली. झालेला उशीर भरून काढायला मी जड गिअर टाकून मांड्यांच्या जोरावर रेटत राहिले. परतीला वारा समोरून होता, आणि दुसऱ्याच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायचा नाही असा नियम होता, बऱ्याच स्पर्धांत असतो, म्हणजे सगळा वारा आपल्याच अंगावर. बाटली समोर लटकत होती पण एक हात सोडून प्यायची सवय नाही, म्हणून २० किलोमीटरमधे एक घोट पाणी प्यायले नाही मी. थंडीत तहान लागत नाही, घाम मात्र जातच असतो.

सायकल ठेवली, पळायला सुरुवात केली आणि पाय माझे नव्हतेच. दुखत नव्हते बरं का, पण कुणीतरी गुडघ्याखाली ओंडके बांधावेत तसं, टाच टेकतेय का चवडा तेही कळेना. सायकलवर आपण कमरेत वाकून बसतो, पाय गोल गोल फिरतात, अंगाचं वजन सीटवर असतं, आणि उतरल्या क्षणी प्रत्येक पावलाला सगळं वजन आणि धक्का पायांवर येतो, शरीराला हा बदल पचवायला वेळ लागतो. अर्ध्या वाटेवर डाव्या पोटरीत गोळा आला. थांबले, बसले, चोळलं, डोळ्यांत पाणी आलं. पाण्याच्या टेबलावर एक कॉलेजचा मुलगा होता तो ओरडत होता, "चालो बेन, हवे थोडुंज बाकी छे!" (चला ताई, आता थोडंच राहिलंय!) मग पन्नास पावलं चालायची, पन्नास पळायची असं करत शेवटपर्यंत गेले. अडीच किलोमीटरला २१ मिनिटं. एकूण १ तास ५० मिनिटं. आणि मेडल गळ्यात पडल्यावर पहिलं डोक्यात आलं ते हे, की मला परत करायचीय.

नंतर मी मुख्य म्हणजे एक गोष्ट बदलली. दर शनिवारी पहाटे सिंधरोटच्या रस्त्याला सायकल, मही नदीपर्यंत जाऊन परत, आणि घरी आल्यावर वर न जाता सायकल खाली जिन्यापाशी लावायची आणि लगेच तशीच दहा मिनिटं पळायचं. यालाच ब्रिक म्हणतात. पहिल्या शनिवारी तेच ओंडके. साधारण पाचव्या-सहाव्या शनिवारी लक्षात आलं की ओंडके पहिली तीन-चार मिनिटंच राहतात, मग पाय आपोआप सुटतात. हे एकदा अंगाला कळलं की स्पर्धेत घाबरायला होत नाही. त्याच दिवसांत हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवायची आणि एका हाताने बाटली काढून प्यायची सवय केली, आणि हेल्मेटची क्लिप डोळे मिटून लावायची.

दुसऱ्या वेळी पहिलं धावणं मुद्दाम ३३ मिनिटांत केलं. लोक भराभरा पुढे जात होते, फार जड गेलं मनाला. पण शेवटचे अडीच किलोमीटर साडेसोळा मिनिटांत झाले आणि त्यात मी माणसं मागे टाकली, त्यांतले बरेच सुरुवातीला माझ्या पुढे गेलेले. एकूण वेळ १ तास ४२.

वयाचं म्हणाल तर मोठ्या स्पर्धांत पाच-पाच वर्षांचे गट असतात, ४५ ते ४९ असे, म्हणजे तुमची तुलना पंचविशीच्या पोरांशी होत नाही. छोट्या स्पर्धांत गट मोठे असू शकतात, फॉर्म भरताना बघून घ्या.

या रविवारी सायकलवरून आलात की घरात जाऊ नका, तिथूनच दहा मिनिटं पळा, कितीही हळू चालेल. पाय कसे वाटले ते मला कळवा, मी वाट बघते.