आठ वर्षांची मुलगी, पुढच्या दातांत फट: आत्ताच तारा लावायच्या की थांबायचं?

म्हणजे प्रश्न असा ना की मुलगी ८ वर्षांची, वरच्या पटाशीच्या दोन दातांत फट, दात जरा पुढेपण वाटतायत, एका डेंटिस्टने लगेच पहिला टप्पा सुरू करू म्हणून ३५ हजार सांगितले, दुसऱ्याने बाराव्या वर्षी या म्हणून परत पाठवलं, आणि घरी सासूबाई म्हणतायत वाढत्या वयात सगळं आपोआप बसतं. तिघांचंही थोडं थोडं बरोबर असू शकतं, हीच तर गोची आहे.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पण दोन मुलांच्या दातांपायी गेली दहा वर्षं डोंबिवलीतल्या दवाखान्यांचे उंबरठे झिजवलेत, एक मुलगा सगळ्यातून गेला आणि मुलीला शेवटी काहीच लागलं नाही, त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात.

सगळ्यात आधी डोक्यात एक फरक पक्का करा. दात वाकडे असणं वेगळं आणि जबडा मागेपुढे असणं वेगळं. दात कुठल्याही वयात सरकवता येतात, माझ्या ऑफिसातली एक जण ४१ व्या वर्षी तारा लावून फिरतेय. पण जबड्याचं हाड वळवायचं असेल तर ते वाढत असतानाच, एकदा वाढ थांबली की मग ऑपरेशनच्या गोष्टी सुरू होतात. म्हणून तुमच्या दोन्ही डॉक्टरांना विचारायचा प्रश्न तारा आत्ता की नंतर हा नाहीच, प्रॉब्लेम दातांचा आहे की जबड्याचा हा आहे. मी हे पहिल्या वेळी विचारलंच नव्हतं.

आता तुमच्या फटीबद्दल. ८ व्या वर्षी वरच्या दोन दातांत फट असणं हे बहुतेक वेळा नॉर्मलच असतं. वर हिरडीच्या आत सुळे खाली यायची वाट बघत असतात, ते शेजारच्या दातांच्या मुळांना ढकलतात आणि पुढचे दात पंख्यासारखे फाकतात. डॉक्टर लोक याला अग्ली डकलिंग स्टेज म्हणतात, नाव वाईट आहे पण अवस्था साधी आहे. सुळे साधारण ११-१२ व्या वर्षी खाली आले की फट पुष्कळदा आपोआप मिटते. माझ्या मुलीला तिसरीत इतकी फट होती की वर्गात तिला फाटक म्हणायचे, ती रडून घरी यायची आणि मी पैसे काढून तयार होते, पण आमच्या ऑर्थोडॉन्टिस्ट बाईंनीच (वाकडे दात आणि जबडे सरळ करणाऱ्या स्पेशालिस्ट) सांगितलं की एक ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे, काढा आणि घरी जा. सातवीपर्यंत फट गेली. सासूबाईंचं म्हणणं इथे खरं ठरतं.

पण ओपीजी काढायचाच, कारण फट २ मिलिमीटरपेक्षा बरीच मोठी असेल, किंवा ओठाला हिरडीशी जोडणारी पट्टी जाड होऊन दोन दातांच्या मधे उतरली असेल, किंवा आत एखादा जास्तीचा दात अडकून बसला असेल तर ती आपोआप मिटत नाही. हा जास्तीचा दात बाहेरून दिसत नाही, एक्सरेतच कळतो. त्याच एक्सरेत सुळे सरळ येतायत की आडवे झालेत तेही दिसतं. सुळा टाळूकडे वळत असेल तर १० वर्षांच्या आसपास दुधाचा सुळा काढून पक्क्याला वाट करून देतात, आणि बऱ्याचदा तो मग नीट येतो, ही वेळ चुकली की नंतर हिरडी कापून साखळीने ओढत आणावा लागतो.

८ व्या वर्षी खरंच थांबू नये अशा गोष्टी मोजक्या आहेत. दाढा मिटल्यावर खालचे पुढचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील, म्हणजे उलटा चावा. वरचा जबडा इतका अरुंद असेल की तोंड मिटताना हनुवटी एका बाजूला सरकते. अंगठा चोखायची सवय अजून सुटली नसेल. आणि दात इतके पुढे असतील की ओठ मिटत नाहीत आणि खेळताना पडली तर पहिला मार दातांवरच बसेल. यातलं पुढे आलेल्या दातांचं जरा नीट सांगते. कॉक्रेन म्हणून जी संस्था सगळे अभ्यास एकत्र करून बघते त्यांचं म्हणणं असं की लवकर एक टप्पा आणि नंतर दुसरा टप्पा केला काय किंवा थेट किशोरवयात एकदाच केलं काय, शेवटचा निकाल साधारण सारखाच येतो, लवकर केल्याचा फायदा एवढाच की पुढचे दात आपटून तुटायचं प्रमाण कमी होतं. म्हणजे तुमची लेक झाडावर चढणारी, कबड्डी खेळणारी असेल तर पहिल्या डॉक्टरांच्या म्हणण्यात दम आहे. नुसते जरा पुढे वाटतायत एवढंच असेल तर मी ३५ हजार आत्ता देणार नाही.

घरी बघायचं असेल तर तिला मागच्या दाढा पूर्ण मिटायला सांगा (मुलं हमखास जबडा पुढे आणून दाखवतात, थुंकी गिळून मग दाढा मिट म्हणायचं), आणि बाजूने बघा. वरचे दात खालच्यांच्या २-३ मिलिमीटर पुढे असणं ठीक आहे. बोट आरपार जाईल एवढं अंतर असेल तर नीट मोजून घ्या.

आणि दुसऱ्या डॉक्टरांच्या बाराव्या वर्षी या वर माझा एक आक्षेप आहे. मुलींची उंची झपाट्याने वाढायचा काळ पाळी सुरू व्हायच्या आधीच बराचसा होऊन जातो, आणि जबड्याची वाढपण साधारण त्याच सुमारास होते. खालचा जबडा मागे असेल आणि तुम्ही कॅलेंडर बघून बारा पूर्ण व्हायची वाट बघितली तर गाडी सुटलेली असू शकते. तेव्हा दहा पूर्ण झाले की दर सहा महिन्यांनी दाखवत राहा आणि घरात दारावर पेन्सिलने उंचीच्या खुणा करतो ना, त्या खरंच करा. डॉक्टरपण मानेच्या मणक्यांच्या आकारावरून वाढ किती बाकी आहे ते बघतात, बाजूने जो एक्सरे काढतात त्यात ते दिसतात.

माझ्या मुलाचं हेच होतं, खालचा जबडा मागे. २०१९ मधे बाराव्या वर्षी ट्विन ब्लॉक लावला. वर एक, खाली एक असे दोन प्लास्टिकचे ठोकळे, तोंड मिटलं की ते एकमेकांवर घसरून खालचा जबडा पुढेच आणून ठेवतात. दिवसरात्र घालायचा. पहिला आठवडा पोरगं बोबडं बोलत होतं, लाळ गळत होती, उशीवर टॉवेल टाकून झोपायचा. एकदा जेवताना काढून टिशूत ठेवला आणि तो खरकट्याबरोबर गेला, मी आणि नवऱ्याने हातमोजे घालून सोसायटीचा ओला कचऱ्याचा ड्रम उपसला, सापडला नाही, नवीन बनवायला परत साडेचार हजार. तेव्हा डबी घ्या, भडक रंगाची घ्या. दहा महिन्यांत चेहऱ्याची बाजू बदललेली दिसली, हे मात्र खरं.

आता माझी चूक, जी मला अजून टोचते. तो सात वर्षांचा असताना खालची दुधाची मागची दाढ किडली, दुखायला लागली, जवळच्या दवाखान्यात नेला, त्यांनी काढून टाकली. दुधाचीच तर आहे, पडणारच होती, असं ते म्हणाले आणि मीही मान डोलावली. ती दाढ १०-१२ व्या वर्षापर्यंत राहायला हवी असते, कारण ती मागून आलेल्या सहा वर्षांच्या पक्क्या दाढेला अडवून धरते. ती गेली, मागची दाढ पुढे कलंडली आणि खालून येणाऱ्या उपदाढेची जागाच खाऊन बसली. तेव्हा स्पेस मेंटेनर म्हणून एक साधी तारेची कडी बसवली असती तर पुढे तारांचे किमान सहा-सात महिने वाचले असते, असं नंतरच्या बाईंनी सांगितलं. तुमच्या लेकीच्या दुधाच्या दाढा किडल्या असतील तर आधी त्या वाचवा, तारांचं नंतर बघू.

तारा लागल्यावरचं रोजचं जगणं वेगळंच असतं. जानेवारी २०२० मधे मुलाला लागल्या आणि मार्चमधे लॉकडाऊन, दवाखाना बंद, मागची तार गालात घुसायला लागली, शेवटी बाईंनी व्हिडिओ कॉलवर मेण लावायला शिकवलं. मेण आणि कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, यावर ते दिवस निघाले. खाण्यात चिक्की, ऊस, कडक चकली, डिंकाचे लाडू, कणीस दाताने तोडणं बंद. पेरू फोडी करून. संक्रांतीला आजीने प्रेमाने गुळाचा कडक लाडू दिला आणि दातांवर चिकटवलेली, तार धरून ठेवणारी दोन ब्रॅकेट निघाली, गोड बोला वगैरे राहिलं बाजूला. ब्रशिंगमधे कंटाळा केला तर तारा काढल्यावर ब्रॅकेटभोवती पांढरे चट्टे राहतात आणि ते सहज जात नाहीत, तारेखालून फिरणारा बारीक ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट यात काटकसर नको.

पैशांचं म्हणाल तर आमचे मेटलच्या तारांचे ४२ हजार झाले, हप्त्याने घेतले, ट्विन ब्लॉक वेगळा. परवडत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल आहे, नागपूर आणि संभाजीनगरलापण सरकारी कॉलेज आहे. माझ्या भाचीचं नायरमधे झालं, खर्च खाजगीच्या मानाने खूपच कमी. वेळ जातो, एमडीएस (डेंटिस्ट झाल्यावरचा स्पेशालिस्टचा कोर्स) करणारे विद्यार्थी प्रोफेसरांच्या देखरेखीखाली करतात, मधे एकाचा कोर्स संपला की केस दुसऱ्याकडे जाते, पण काम चांगलं झालं. खाजगीत गेलात तर ऑर्थोडॉन्टिक्समधेच एमडीएस आहे ना ते विचारा, लाजू नका. आणि सांगितलेल्या रकमेत रिटेनर (सरकवलेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन) धरलाय का तेही विचारा, कारण तारा काढल्यावर रिटेनर नाही घातला तर दात परत आपल्या जुन्या जागी निघतात. मुलगा आता कॉलेजला आहे, अजून रात्री घालून झोपतो, विसरला की दोन-तीन दिवसांनी घट्ट लागतो म्हणून कुरकुरतो.

एक शेवटचं, फार महत्त्वाचं. व्हिडिओ बघून फटीत रबरबँड अडकवायचं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. ते रबर घसरत हिरडीच्या आत जातं, मुळावर चढतं, हाड खातं आणि चांगले दोन दात हलून जाऊ शकतात.

ओपीजी काढला की त्याची कॉपी स्वतःकडे ठेवा, आणि सुळे कुठल्या दिशेला दिसतायत म्हणाले ते इथे लिहा.