ओढ्यातले किडे बघून पोट भरेल का?

बावधनहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, प्राणिशास्त्र घेऊन. कॉलेजच्या सहलीत मुळशीकडच्या एका ओढ्यावर सरांनी दगड उलटून खालचे किडे दाखवले आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. खिडकीत बाटल्या मांडलेल्या असतात, चहाची गाळणी दोनदा गायब झाली. आता तिला तळी आणि ओढ्यांच्या पाण्याचा अभ्यास करायचा आहे. वडील म्हणतात, बी.एड. कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. आई विचारतात, "नाल्याचं पाणी तपासून कुणाचं पोट भरतं का?"

ताई, भरतं. पण लवकर नाही आणि आपोआप नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाणी तपासण्याच्या दोन वाटा आहेत. एक बाटलीची, म्हणजे रसायनाची. विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते), नायट्रेट, फॉस्फेट, जंतूंची मोजणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्यात दर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा आणि बीओडी ३ च्या वर नको. आकडा स्पष्ट असतो, तो अहवालात लिहिता येतो, न्यायालयातही मांडता येतो. नोकऱ्या जास्त आहेत त्या इथेच.

पण बाटलीत त्या एका क्षणाचंच पाणी येतं. शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात दुपारी दोनला ऑक्सिजन मोजला तर तो भरपूर भरतो, कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडत असतं. त्याच तळ्यात पहाटे पाचला जा. रात्रभर सगळ्यांनी श्वास घेतलेला असतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासत असतात. रात्री कुणी टँकर रिकामा केला आणि तुम्ही सकाळी अकराला बाटली भरली, तर बाटलीला ते कळणारही नाही.

दुसरी वाट तुमच्या लेकीने पाहिलेली. दगडाखालची मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं कित्येक आठवडे, काही जातींत महिनोन्महिने, त्याच पाण्यात काढतात आणि कल्ल्यांनी श्वास घेतात. मधल्या काळात एकदा जरी पाणी गुदमरलं तरी ती नाहीशी होतात. उरतात त्या कायरोनोमिड माशीच्या लालबुंद अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून थोड्या ऑक्सिजनवरही त्या तगतात. ब्रिटनमध्ये बसवलेल्या गुणपद्धतीत काही मेफ्लाय कुळांना १० गुण आहेत, या लाल अळ्यांच्या कुळाला २. आपल्या केंद्रीय मंडळानेही जैविक निकष तयार केलेले आहेत. ते हातात घेऊन ओढ्यात उतरणारी माणसं मात्र फार थोडी. केमिस्टला किडे ओळखता येत नाहीत आणि प्राणिशास्त्राच्या मुलांना टायट्रेशनचा, म्हणजे थेंब थेंब रसायन टाकून मोजण्याचा, कंटाळा. दोन्ही येणारं माणूस कुठल्याही प्रकल्पाला हवं असतं. माझा सगळा सल्ला एवढाच आहे, की तिने दोन्ही शिकावं.

शिक्षणासाठी पुणं सोडायची गरज नाही. विद्यापीठात पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. आहे, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आहे, गरवारे कॉलेजमध्ये जैवविविधतेची एम.एस्सी. आहे. आघारकर संस्थेत डायटमवर, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या सूक्ष्म शैवालावर, काम झालेलं आहे आणि डायटम हे पाण्याच्या परीक्षेचं उत्तम साधन आहे. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. तिथे प्रबंधासाठी विचारून पाहावं. मुंबईला जायची तयारी असेल तर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेची माहितीही काढा. पात्रता मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघा.

पुढे काय? मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, प्रदूषण मंडळाच्या भरती, भूजल सर्वेक्षण यंत्रणा. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करावा लागतो, तिथे परिसंस्थेचे जाणकार लागतात. संशोधनात जायचं तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्यावी. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये विद्यावेतन आहे. नाहीतर सुरुवातीची दोन-चार वर्षं कंत्राटी प्रकल्पांत जातात आणि पगार बँकेपेक्षा कमी असतो. हे तिच्या बाबांना आजच मोकळेपणाने सांगा.

एक गोष्ट तिलाही सांगा. माझा एक विद्यार्थी एका खासगी प्रयोगशाळेत लागला. न केलेल्या चाचणीचा "आकडा बसवून दे" असं त्याला सांगण्यात आलं. त्याने नकार दिला आणि दोन महिन्यांत नोकरी सोडली. घरच्यांनी त्याला सांभाळून घेतलं, म्हणून त्याला ते जमलं. या क्षेत्रात आकड्याइतकीच माणसाचीही परीक्षा होते. तशी वेळ आली तर तुम्ही तिच्या पाठीशी राहाल ना?

प्रवेशाला अजून वेळ आहे, तोवर तिने स्वतःला जोखावं. रामनदी तुमच्या दारातूनच जाते. भुकूमच्या वरच्या अंगाला एक जागा, पाषाण तलावात नदी शिरते तिथे एक, बाणेरला एक. दर महिन्याला ठरलेल्या रविवारी, ठरलेल्या वेळी. तापमान, पाण्याचा रंग आणि वास, गेल्या तीन दिवसांत पाऊस झाला का, दगडाखाली कोण सापडलं आणि किती. वरचा ओढा उन्हाळ्यात आटला तर तेही लिहायचं. ऑक्सिजन मोजायचा असेल तर कॉलेजमधून रसायनं घेऊन ती ओढ्यावरच बाटलीत घालायची, म्हणजे ऑक्सिजन आहे तेवढाच बांधून राहतो; घरी आणलेल्या साध्या बाटलीतला आकडा फुकट जातो. बीओडीची बाटली तर आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस ठेवावी लागते. या कामात बाटल्या धुणं, चिठ्ठ्या लावणं आणि वाट बघणंच जास्त. एप्रिलमध्ये जलपर्णी कुजल्याच्या वासात उभी राहूनही तिची वही भरत राहिली, तर बाबांनी बी.एड.चा आग्रह सोडावा असं मी म्हणेन. वही मध्येच थांबली तर तेही वेळेत कळलं.

पावसाळ्यात पात्रात उतरू देऊ नका, ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं. एकटी पाठवू नका. गमबूट आणि हातमोजे हवेतच, कारण सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून लेप्टो या तापाची लागण होऊ शकते. पायाला जखम असेल तर त्या रविवारी सुट्टी. आणि तिला स्वतःची वेगळी गाळणी आणून द्या. ओढ्यात गेलेली गाळणी परत चहाला वापरू नका.