पडद्यापलीकडच्या टीमला तुझी ओळख

प्रिय नव्या सहकाऱ्यास,

‘टीम फक्त पडद्यावर भेटते, तिच्यासाठी मी म्हणजे यादीतलं एक नाव,’ असं तू लिहिलंस. वाचून जीव तुटला. पण हे बदलता येतं, आणि त्यासाठी बोलकं असण्याची गरज नाही.

आधी नावाचं बघू. स्लॅक या ऑफिसच्या चॅट अॅपवर आणि लिंक्डइनवर आपल्या नावाचा उच्चार आपल्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवता येतो. आजच ठेव. रोज चुकीची हाक ऐकून गप्प राहिलं की माणूस हळूहळू मागे सरतो. टाइम झोन आणि कामाच्या वेळाही प्रोफाइलमध्ये टाक.

तुझी खरी ओळख मात्र लिहिण्यातून होईल. जोसेफ वॉल्थर या संज्ञापनाच्या अभ्यासकानं १९९६ मध्येच मांडलं होतं की लेखी संवादात काय सांगायचं हे निवडायला आणि शब्द घासूनपुसून घ्यायला अवधी मिळतो, त्यामुळे अशा संवादातून जुळलेली नाती कधी कधी समोरासमोरच्या नात्यांहूनही जवळची होतात. कॉलवर पटकन बोलणाऱ्याची छाप पडते. सामायिक डॉक्युमेंटमध्ये सावकाश विचार करणाऱ्यालाही तेवढीच जागा असते. ती जागा घे. नुसता अंगठ्याचा इमोजी टाकून कुणी कुणाला कळत नाही. ‘हा पर्याय मला पटत नाही, कारण...’ असं लिही आणि ते कारण पूर्ण मांड. तू कशाला महत्त्व देतेस किंवा देतोस, हे त्या कारणातूनच लोकांना समजतं. विरोध करताना भाषा सौम्य ठेव, मुद्दा मात्र सौम्य करू नकोस.

कॅमेऱ्याचं दडपण घेऊ नकोस. सतत स्वतःचाच चेहरा समोर दिसणं हे व्हिडिओ कॉलच्या थकव्याचं एक कारण आहे, असं स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये मांडलं. झूमवर स्वतःची चौकट लपवता येते. कधी कॅमेरा बंदच ठेवावासा वाटला तर तसं आधी सांग, म्हणजे कुणी वेगळा अर्थ काढणार नाही.

आणि सगळंच उघड करायची सक्ती नाही. आपल्याला ‘he’, ‘she’ की ‘they’ म्हणावं, ती सर्वनामं झूमवर नावाशेजारी दाखवता येतात. दाखवायची का, हा निर्णय तुझा. श्रद्धा, आजारपण, घरच्या अडचणी यांचंही तेच. कामाच्या चॅटमधलं लिखाण साठून राहतं, आणि खाजगी वाटणारे संदेशही कंपनी पाहू शकते असं धरूनच लिही. मनातलं बोलायचं असेल तेव्हा मला सरळ फोन कर.

तुझा हितचिंतक