साहित्य शिकून समाजाला काय मिळणार?

प्रश्न : माझी मुलगी विज्ञान शाखेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आहे, परंतु तिला पदवीसाठी साहित्य व कलासमीक्षा घ्यायची आहे. यंत्र क्षणार्धात कविता लिहून देते अशा काळात या शिक्षणाची समाजाला गरज उरली आहे का, की ही केवळ हौस समजावी?
– एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. समाजाला या विद्येची गरज आहे का, हा एक. आणि त्या गरजेवर मुलीचे पोट भरेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी निःशंकपणे ‘होय’ असे देईन, दुसऱ्याचे मात्र अटी घालून.

एक वाक्य पाहा : ‘पाणी सोडण्यात आले व चाळीस कुटुंबांचे स्थलांतर झाले.’ व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे, परंतु त्यात कर्ता नाही. पाणी कोणी सोडले, कोणाच्या आदेशाने, आणि माणसे आपण होऊन निघाली की त्यांना हुसकावले, यांपैकी काहीही ते सांगत नाही. साहित्याचा विद्यार्थी येथे अडखळतो, कारण कथेतील निवेदक काय सांगतो याबरोबरच तो काय गाळतो, हे तपासण्याची सवय त्याला लागलेली असते. अशी गुळगुळीत वाक्ये यंत्र हवी तितकी पुरवू लागले आहे, त्यामुळे अडखळणाऱ्या वाचकाची निकड वाढलीच आहे.

चित्रकलेतही हेच दिसते. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील गेर्निका या गावावर तिथल्या सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या जनरल फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन व इटालियन विमानांनी बाँब टाकले, आणि गाव विरोधकांनीच माघार घेताना पेटवले, असा प्रचार फ्रँकोच्या गोटातून सुरू झाला. पिकासोने काही आठवड्यांतच सुमारे साडेतीन मीटर उंच व पावणेआठ मीटर रुंद चित्र पूर्ण केले. त्यात विमान नाही, बाँबही नाही. मेलेले मूल हातांवर घेऊन वर पाहत आक्रोश करणारी आई आहे, जखमी घोडा आहे, आणि सारे काळ्या, पांढऱ्या, करड्या छटांत, वृत्तपत्रातल्या छायाचित्रासारखे. फेब्रुवारी २००३ मध्ये, इराकवरील युद्धाची चर्चा ऐन भरात असताना, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेरील या चित्राच्या विणलेल्या प्रतिकृतीवर निळा पडदा टाकण्यात आला. कॅमेऱ्यांना साधी पार्श्वभूमी हवी होती, असे कारण देण्यात आले. (ही दोन्ही वाक्ये मीही कर्ता वगळूनच लिहिली आहेत, हे आपल्या मुलीच्या लक्षात यायला हवे.) सहासष्ट वर्षांनंतरही ते चित्र झाकावेसे वाटले, यावरून त्याची धार किती टिकून आहे, ते कळते.

आता अर्थार्जनाविषयी. भाषांतर, संपादन, पत्रकारिता, अध्यापन, संग्रहालयांतील काम हे रुळलेले मार्ग आहेत. सुरुवातीची काही वर्षे उत्पन्न बेताचेच राहते, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून साहित्याच्या जोडीला दुसरी भाषा किंवा कायदा यांपैकी एक विषय तिने गांभीर्याने घ्यावा, ही माझी पहिली अट. तिचे विज्ञान वाया जाईल ही भीती मात्र सोडावी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २००९ पासून ‘नॅरेटिव्ह मेडिसिन’ हा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. त्यात रुग्णाचे म्हणणे नीट ऐकता यावे यासाठी साहित्य बारकाईने वाचायला शिकवतात. विज्ञान कळणारा आणि भाषाही जाणणारा संपादक तर सहसा सापडत नाही.

हौस आहे की ओढ, हे मात्र पत्रावरून मला ठरवता येणार नाही. तिला आवडलेल्या एखाद्या कथेवर दोन पाने लिहायला सांगा. पंधरा दिवसांनी, ती कथा मुळीच न आवडलेल्या वाचकाच्या बाजूने तीच दोन पाने पुन्हा लिहायला सांगा. दुसऱ्या खेपेला ती कंटाळली, तर प्रवेशाचा निर्णय वर्षभर लांबवावा. तहानभूक विसरून बसली, तर अर्ज भरून टाकावा आणि दोन्ही मसुदे मला पाठवावेत.