कोकणातून जर्मनीला मास्टर्ससाठी जाताना बॅगेत काय काय न्यावं?

प्रश्नात तू लिहिलंयस की वेंगुर्ल्याचा आहेस, मेकॅनिकल झालंय, जर्मनीत मास्टर्सला प्रवेश मिळालाय, ऑक्टोबरला निघायचंय आणि आई रोज विचारते की बॅगेत काय भरू. गाववालो म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस. मी देवगड तालुक्यातली, २०२३ च्या ऑक्टोबरात गेले, सध्या सुट्टीला घरी आलेय. पाऊस असा लागलाय की पडवीत बसून फोनवर लिहिण्याखेरीज दुसरं कामच नाही.

बॅग ही शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या आईने माझी बॅग जूनपासून भरायला घेतली होती आणि ऑगस्ट संपत आला तरी कर्ज मंजूर नव्हतं. म्हणून आधी पैशाचं सांगते.

तिकडच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्याला सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. फी नाही म्हटल्यावर घरच्यांना वाटतं फुकटात काम झालं. पण व्हिसासाठी वर्षभराचा राहण्या-खाण्याचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून दाखवावा लागतो. मी गेले तेव्हा ११,२०८ युरो होते, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झाले. बारा लाखांच्या पुढची रक्कम. पैसे तुझेच असतात, तिथे पोहोचल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. पण एकरकमी उभे करायचे तर आपल्याकडे बहुतेकांना कर्जच काढावं लागतं, आणि साडेसात लाखांच्या वर साधारणपणे बँक तारण मागते.

आणि इथे कोकण आडवं येतं. आमची आंब्याची कलमं आहेत, बाबांना वाटलं त्यावर काम होईल. बँकेतल्या साहेबांनी सातबारा वरून खाली वाचला. अकरा नावं, त्यातली चार माणसं वारलेली, दोघांच्या वारसनोंदी झालेल्याच नाहीत. त्यांनी कागद परत सरकवला आणि म्हणाले, "यातला तुमचा तुकडा कुठला, ते आधी तुम्ही भावकीत ठरवा." वर शेतजमीन तारण म्हणून त्यांना नकोच होती. शेवटी काकांची डोंबिवलीतली खोली कामाला आली. दर मे महिन्यात मुंबईला आंब्याच्या पेट्या का पाठवायच्या, ते मला त्या दिवशी कळलं. पण खोली मिळाली म्हणजे झालं असं नाही. वकिलाचा सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, सोसायटीचं ना-हरकत, सगळ्यात मिळून आमचे सात आठवडे गेले. तुझ्याकडे तारण सामायिक जमिनीचंच असेल तर वाटपाच्या नादी आत्ता लागू नकोस, ऑक्टोबर सोड, पुढच्या शिमग्यापर्यंतही होणार नाही. नातेवाइकांत बिनशेती मालमत्ता कुणाची आहे ते बघ आणि उद्याच बोल. एक बरं आहे, शैक्षणिक कर्जातून बाहेर गेलेल्या पैशावर आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापते तो कर, कापत नाहीत. स्वतःच्या खात्यातून पाठवलेस तर वर्षाला १० लाखांपर्यंत नाही, त्यावरच्या रकमेवर कापतात.

दुसरी गोष्ट, नाव. यात चूक माझीच होती. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग आपलं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, आणि माझ्या नावाला बाबांचं नाव चिकटलेलं. मी विद्यापीठाचा अर्ज बाबांच्या नावासकट भरला आणि ब्लॉक्ड अकाउंट नुसतं माझं नाव-आडनाव टाकून उघडलं. कागद तपासताना ते लक्षात आलं आणि दुरुस्तीला दहा दिवस गेले. पासपोर्टच्या तळाशी बाणांसारख्या खुणा असलेल्या दोन ओळी आहेत ना, त्यात नाव जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर सगळीकडे लिही: विमा, तिकीट, वसतिगृह, सगळीकडे. कर्जात वडील सहकर्जदार असतील तर त्यांचंही बघून घे. आमच्या बाबांचं आधारवर एक नाव आणि जुन्या कागदांवर घरचं नाव. शेवटी दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं शंभराच्या... आता पाचशेच्या स्टँपवर लिहून द्यावं लागलं.

एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा जर्मन दूतावासाच्या कार्यालयाचा दाखला, तुझ्याकडे असेलच, १ नोव्हेंबर २०२२ पासून त्याशिवाय आपल्याला विद्यार्थी व्हिसा नाही. नसेल तर हे उत्तर वाचायचं थांबव आणि आधी तो अर्ज कर.

मुंबईच्या खेपांचा हिशेब आधीच मांड. व्हिसाची तारीख, वकील, परकीय चलन, काकांच्या सह्या हे सगळं एका फेरीत बसव. माझी व्हिसाची तारीख नेमकी गौरी-विसर्जनानंतर आली. चाकरमानी परत निघालेले, गाडीत उभं राहायला जागा नाही, मी आणि बाबा एसटीने घाट उतरत-चढत पोहोचलो. विमानाच्या तारखेलाही हेच. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात शिरतं, तोवर गाड्या मुद्दाम हळू चालवतात आणि कुठे दरड आली तर विचारूच नको. दोन दिवस आधी मुंबई गाठ. तुला गोव्याचा मोपा विमानतळ जवळ आहे, तिथून विमानाने मुंबई किंवा दिल्लीमार्गे पुढे जाता येईल, पण दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तरच. वेगवेगळी तिकिटं काढलीस तर देशांतर्गत विमानात साधारण १५ किलोच नेऊ देतात, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. शिवाय पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं तिकीट गेलंच.

आता तिथला पहिला महिना. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे तू उतरल्या उतरल्या हातात येत नाहीत. आधी राहायचा पत्ता, त्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद, ज्याला आनमेल्डुंग म्हणतात, मग बँक खातं, मग पैसे. नोंद घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. म्हणून 'आधी मित्राकडे राहतो, मग बघू' हे तिकडे फार दिवस चालत नाही. खोलीची अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येते. हे सगळं धरून दीड-दोन हजार युरो फॉरेक्स कार्डावर आणि थोडे रोख असे वेगळे ठेव. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र मिळाल्या दिवशीच करायचा, आत्तापर्यंत केला नसशील तर आज कर, रांग लांब असते. आणि कुणी फोटो दाखवून म्हणाला की मालक परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी कुरिअरने येईल, तर एक पैसा पाठवू नकोस. माझ्या वर्गातल्या एकाचे असे आठशे युरो गेले.

भारतातलं सिम चालू ठेव आणि रोमिंग निघण्याआधी इथूनच सुरू करून घे. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. लोक हे विसरतात आणि मग कर्जाच्या खात्यात शिरता येत नाही.

बरं, बॅग.

आईचं म्हणणं एकच होतं, "थंय तुका काय गावतला?" (तिथे तुला काय मिळणार?) त्या हिशेबाने तिने भरलं: मालवणी मसाला, सोलं (आमसुलं), आगळाच्या म्हणजे कोकमाच्या रसाच्या दोन बाटल्या, उकडे तांदूळ, सुके बोंबील, सुका जवळा, घरचं तूप, पेढे, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणि रामेश्वराला गाऱ्हाणं घातल्यावर मिळालेला नारळ.

खोबऱ्याच्या वाट्या मुंबई विमानतळावरच निघाल्या. सुकं खोबरं तेलकट, आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात ते धरतात. हे मला तिथे उभं राहून कळलं, मागे रांग खोळंबलेली. फ्रँकफर्टला सामान घेऊन बाहेर पडताना कस्टमच्या बाईंनी थांबवलं. बॅग उघडली तशी जवळ्याचा वास असा सुटला की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. त्यांनी एक-एक पुडी काढून टेबलावर मांडली. तूप बाजूला. पेढे बाजूला. मग बोंबलांची पिशवी उचलली, इकडून तिकडून बघितली, "फिश?" विचारलं आणि परत बॅगेत ठेवली. नारळ हातात घेऊन कानाशी हलवला, हसल्या, तोही परत दिला.

नंतर मी नियम शोधून वाचला. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, खवा, पेढे, सगळं गेलं. मासळी मात्र २० किलोपर्यंत चालते. ताजी फळं-भाज्या आणायच्या तर रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, पण पाच फळांना त्यातून सूट आहे: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ. हापूस त्या यादीत नाही. फळमाशी सापडली म्हणून २०१४ च्या मे महिन्यात तिकडे आपल्या आंब्यावर बंदीच आली होती, ती २०१५ मध्ये उठली. त्यामुळे पेटी नेण्याचा विचारही नको, आणि कढीपत्त्याची जुडीसुद्धा नको.

आगळाची एक बाटली बॅगेतच फुटली. माझे तीन कुर्ते अजून जांभळट आहेत. न्यायचंच तर सोलं ने, तिथे भिजत घाल. प्रमाणपत्रं हातातल्या बॅगेत होती म्हणून वाचली, तीही तिथेच ठेव, पॉवर बँकही. लोणचं मात्र हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, काढून टाकतात. उकडे तांदूळ वाहून नेऊ नकोस, श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं खूप शहरांत आहेत, तिथे मिळतात, कढीपत्ताही. सुका बांगडा नेलास तर एक लक्षात ठेव, घराघरात छताला धुराचा भोंगा असतो. मी पहिल्याच रविवारी तव्यावर बांगडा टाकला आणि सहा जणांचं अख्खं बिऱ्हाड पायजम्यात जिन्यावर आलं. तेव्हापासून खिडकी उघडून, कढईत, झाकण ठेवून.

कपड्यांचं थोडक्यात: जाड कोट इथे घेऊ नकोस, आपल्याकडच्या दुकानदाराला थंडी म्हणजे डिसेंबरातली पहाट वाटते. एक चांगला स्वेटर ने, बाकी तिथे घे, जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्त मिळतात. चष्मा असेल तर जोडीने दुसरा करून घे, आणि दात दाखवून ये. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. विजेचा दाब आपल्याइतकाच आहे, त्यामुळे इथला मिक्सर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. आपल्या पिनांचा एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि एक ॲडॅप्टर नेलास की झालं.

आईला सांग की मसाला दोन किलो चालेल, कुकर तीन लिटरचाच, आणि वजन घरीच काट्यावर करून घ्या. आणि खोवणी ने. मला तिथे कुठे मिळाली नाही, वर्षभर नारळ चमच्याने खरवडला. आडाळो (विळी) नको, तो फार जड. टेबलाला स्क्रूने लागणारी छोटी बाजारात मिळते ती घे, दाते पुठ्ठ्यात गुंडाळ, आणि चेक-इन बॅगेत तळाशी ठेव.