अंदमानात सागरी जीवशास्त्र शिकताना सत्राचे शेवटचे दोन महिने कसे जातात? सांगलीकडच्या मुलीला ते झेपेल का?

तुम्ही मिरजेत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात आणि पाँडिचेरी विद्यापीठाच्या पोर्ट ब्लेअर येथील परिसरात सागरी जीवशास्त्राच्या एम.एस्सी.साठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी असे तुमच्या मनात आहे. तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मुलांना मान वर करायलाही फुरसत मिळत नाही असे तुमच्या कानावर आले असून, समुद्रापासून दूर वाढलेल्या मुलीला ते झेपेल का आणि दिवाळीला घरी येता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी सांगलीची. विलिंग्डन महाविद्यालयातून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन त्याच अभ्यासक्रमाला गेले होते आणि सध्या सांगलीतच शिकवते. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे झाले आहे, परंतु आमच्या वेळचे नाव पोर्ट ब्लेअर असल्यामुळे मी तेच वापरते.

झेपते, हे माझे स्पष्ट उत्तर आहे. मात्र ही धावपळ आपल्याकडच्या महाविद्यालयांतल्या धावपळीपेक्षा निराळ्या कारणाने होते आणि ते कारण जाण्यापूर्वीच समजून घेतले, तर पहिल्याच सत्रात गांगरून जाण्याची वेळ येत नाही. विद्यापीठाचे वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार असे चालते, तर समुद्राचे वेळापत्रक तिथीप्रमाणे चालते. अंदमानात दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि त्यांची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो आणि एरवी पाण्याखाली असणारा किनारा उघडा होतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, त्या दिवसांत पाणी पुरेसे मागे हटतच नाही. म्हणजे किनाऱ्यावरच्या जीवांचे मोजमाप करायचे तर पंधरवड्यातले मोजके तीन-चार दिवस हाती असतात आणि त्या दिवसांतही खरे काम करण्यासारखे फार तर दोन तास मिळतात. तेवढ्यात पाऊस कोसळला किंवा वारा सुटला तर ते उधाण वाया जाते आणि पुढच्या उधाणासाठी पंधरा दिवस थांबावे लागते. मग ते पुढचे उधाण नेमके अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात येऊन बसते. दोन महिन्यांच्या ओढाताणीचे मूळ येथे आहे. अभ्यासक्रमाचा आवाका त्या मानाने दुय्यम आहे.

हवामानही याच काळात साथ देत नाही. अंदमानावर दोन्ही मोसमी पावसांचा मारा होतो. नैर्ऋत्य मोसमी वारे तेथे मेच्या उत्तरार्धात पोहोचतात आणि आपल्याकडे परतीचा पाऊस संपत आला की तेथे ईशान्य मोसमी पावसाची सुरुवात झालेली असते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या बेटावर ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचेही महिने आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवेमुळे बोटी बंद झाल्या आणि हॅवलॉक बेटावर शेकडो पर्यटक काही दिवस अडकून पडले होते. त्यामुळे दुसऱ्या बेटावर जाऊन करायचे काम सत्राच्या अखेरीस ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जायचे असेल तर वनखात्याच्या परवानगीला लागणारा वेळही आधीच हिशेबात धरावा. हे उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले असून त्यात १५ बेटे येतात.

क्षेत्रकार्याचा एक दिवस कसा असतो ते थोडे सविस्तर सांगते. बर्मानाला हा पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेचा खडकाळ किनारा आहे. पाणी उतरू लागले की त्याच्या मागोमाग खाली सरकत जायचे, पीव्हीसी पाइपची चौकट ठरलेल्या अंतरावर टाकायची आणि तिच्या आत जे दिसेल ते मोजून प्लॅस्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचे. वरच्या पट्ट्यात नेरिटा जातीच्या गोगलगायी खडकाच्या फटींत दाटीवाटीने बसलेल्या असतात, त्याखाली खडकाला घट्ट चिकटलेले कायटन हे चपटे कवचधारी प्राणी दिसतात आणि सर्वांत खाली, जेथे घोट्याएवढे पाणी राहते, तेथे पाडिना आणि हॅलिमेडा या शैवालांमध्ये काळ्या समुद्रकाकड्या, म्हणजे काकडीसारखे लांबट मऊ प्राणी, पहुडलेल्या असतात. होलोथुरिया एट्रा ही त्यांतली सर्वांत नेहमीची. ती अंगावर वाळूचा थर ओढून घेते आणि पाठीवर दोन ओळींत गोल ठिपक्यांएवढी जागा मात्र मोकळी ठेवते. एकदा ती खूण डोळ्यांत बसली की लांबूनही ओळख पटते. समुद्रकाकड्या आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे, त्यामुळे त्यांना हात न लावता मोजायचे आणि छायाचित्र घ्यायचे. एका चौकटीला दहा मिनिटे लागली, तर पाणी परत चढण्यापूर्वी किती चौकटी होतील याचे गणित मनात सतत चालू असते. त्या दोन तासांत सोबतच्यांशी गप्पा मारायचे भानही उरत नाही.

किनाऱ्यावरून परतल्यावर दिवस संपत नाही, हे नव्या मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू मोजण्यासाठी तेथे अजूनही विंकलर पद्धत शिकवतात आणि ती शिकवायलाच हवी असे माझे मत आहे. बाटली बुडबुडा न राहू देता पाण्याखालीच भरायची, काठावर बसून त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची आणि तपकिरी साका खाली बसताना पाहायचा. प्राणवायू नसेल तर तो साका पांढराच राहतो. प्रयोगशाळेत आल्यावर आम्ल घालून साका विरघळवायचा आणि थायोसल्फेट थेंबाथेंबाने घालत, म्हणजे अनुमापन करत, रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च टाकायचा. मग निळा झालेला रंग एका थेंबाने नाहीसा होतो, तो थेंब ओळखायचा. हे काम त्याच दिवशी उरकावे लागते. गोळा केलेल्या शैवालांचेही तसेच आहे. ताजी असतानाच ती कागदावर पसरून दाबावी लागतात आणि तेथील दमट हवेत टिपकागद रोज बदलला नाही तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, तेवढे आठवडाभर वाट पाहू शकतात. कोणते काम थांबू शकते आणि कोणते नाही, हे ज्याला लवकर कळते त्याचे सत्र सुरळीत पार पडते. हुशारीचा भाग यात थोडाच आहे.

आता अभ्यासाविषयी. पोर्ट ब्लेअरला आपलीच प्रमाणवेळ चालते, पण ते शहर सांगलीच्या बरेच पूर्वेला आहे. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य तेथे पाचच्या सुमारासच मावळतो आणि सकाळी सहा वाजण्यापूर्वीच उजाडलेले असते. रात्री जागून अभ्यास करण्याची सवय तेथे टिकवणे अवघड जाते, कारण पहाटेची ओहोटी कोणासाठी थांबत नाही. आमच्यातल्या ज्यांनी रात्री नऊला झोपून पहाटे तीन-चारला उठण्याची सवय लावून घेतली, त्यांना परीक्षा, सेमिनार, रेकॉर्डवरच्या सह्या आणि क्षेत्रकार्य हे सगळे एकाच आठवड्यात आले तरी निभावता आले. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात भरती-ओहोटीचे कोष्टक आणि परीक्षांच्या तारखा एका कागदावर शेजारी-शेजारी मांडाव्यात. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी अशी कोष्टके प्रसिद्ध करतो आणि लाटा व वाऱ्याचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मिळतो. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याकडे चालली आहे का, हे सांगलीकर जसे सकाळी उठल्याबरोबर पाहतात, तसेच तेथे हे कोष्टक पाहण्याची सवय अंगी बाणवावी लागते. भांगाचे दिवस वाचनासाठी आणि लेखनासाठी राखून ठेवावेत आणि उधाणाच्या दिवसांत पुस्तकाला हात लागणार नाही असे गृहीत धरावे.

परीक्षा तोंडावर आली की काही मुले क्षेत्रकार्य टाळून ग्रंथालयात बसतात. तुम्ही तसे करू नये, असे मला मनापासून वाटते. पुस्तकातला धडा सांगलीत बसूनही वाचता येतो, पण सिप्पीघाट पाहायला तेथेच जावे लागते. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली आणि सिप्पीघाटच्या शेतांत समुद्राचे पाणी शिरले, ते कायमचेच. पूर्वी भातशेती होती त्या जागी खारफुटीची रोपे कशी पाय रोवत गेली, हे उभे राहून पाहिल्यावर परिसंस्थेतील बदल म्हणजे काय ते ज्या प्रकारे समजते, तसे आकृतीवरून समजत नाही. प्रवाळांचेही तेच. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्राचे पाणी तापल्याने अंदमानात प्रवाळांचे मोठे विरंजन झाले, म्हणजे ते रंग जाऊन पांढरे पडले. त्याआधी कोणीतरी टेप पसरून जिवंत प्रवाळ किती आहे ते मोजून ठेवले होते, म्हणूनच हानी किती झाली ते सांगता आले. विद्यार्थ्यांनी घेतलेल्या साध्या नोंदींचेही मोल असे पुढे कळते. चुकलेल्या ओहोटीची नोंद मात्र कोणत्याही मार्गाने भरून काढता येत नाही.

राहण्या-जेवण्याबद्दल फार काळजी करू नका. मेसमध्ये भात आणि मासे भरपूर असतात. बराचसा भाजीपाला मुख्य भूमीवरून जहाजाने येत असल्यामुळे महाग असतो आणि भाकरीची आठवण येते ती येतेच. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, निकोबारी अशा सर्वांना जोडणारी भाषा हिंदी आहे, त्यामुळे आपल्याला अडचण येत नाही. उन्हाळ्यात पाणीकपात होते. चेन्नईहून टाकलेली समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारले आहे. घरचे लोक अंदमान म्हटले की काळ्या पाण्याचीच गोष्ट काढतील. सेल्युलर जेलमध्ये शिक्षा भोगलेल्या बाबाराव सावरकरांचे १९४५ मध्ये निधन सांगलीतच झाले, त्यामुळे आपल्याकडे ही आठवण थोडी अधिकच जवळची आहे. आई-वडिलांना एकदा तेथे येऊन वसतिगृह पाहू द्या, त्यांची निम्मी चिंता मिटेल.

समुद्र माहीत नसणे ही उणीव नाही, पण पोहता न येणे ही आहे. जाण्यापूर्वीचा उन्हाळा पोहणे पक्के करण्यात घालवा आणि तरणतलाव सोडून वाहत्या पाण्याचाही, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, सराव करा. जाड तळाचे, बोटे झाकणारे बूट घ्या, कारण खडकांत दगडमासा दिसत नाही आणि त्याचा काटा विषारी असतो. शंकूच्या आकाराची सुंदर गोगलगाय दिसली तरी उचलू नका, तिचा दंश जिवावर बेतू शकतो. खारफुटीच्या खाडीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात, म्हणून तेथे एकटीने कधीही जाऊ नका आणि स्थानिक माणूस नको म्हणाला तर परत फिरा, मग नमुना राहिला तरी चालेल.

राहता राहिली दिवाळी. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते आणि ओहोटी सर्वांत खाली उतरते ती बहुधा अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत, म्हणजे नेमकी पाडव्याला आणि भाऊबीजेला. कोजागरी आणि त्रिपुरी पौर्णिमाही याच हिशेबात येतात. सुट्टी मिळाली तरी मिरजेहून बेंगळुरू, तेथून चेन्नई आणि पुढे विमान, असा येण्या-जाण्यात बराच वेळ जातो. चेन्नईहून जहाजाने गेल्यास तर एका बाजूलाच तीन दिवस लागतात. पहिल्या वर्षी दिवाळी तेथेच करा आणि परीक्षा संपल्यानंतरचे तिकीट काढा. प्रकल्पाचे वर्ष असेल तर तिकीट काढण्यापूर्वी मार्गदर्शकांना विचारून त्या पंधरवड्याचे क्षेत्रकार्य कोणत्या तारखांना आहे ते नक्की करून घ्या. भावाला आधीच सांगून ठेवा की ओवाळणी डिसेंबरात होईल.